पाणी घातलं की कुंडीतून आणि पाऊस झाला की बाथरूममध्ये बारीक लांब गोम निघते, परत परत निघते : काय करायचं

आधी प्रॉब्लेम सांगते, कारण हे शोधत आलेल्या बहुतेकांचा हाच असणार. कुंड्यांना पाणी घातलं की थोड्या वेळात मातीवर किंवा खालच्या प्लेटमध्ये दोऱ्यासारखं बारीक, पिवळट, वळवळणारं काहीतरी दिसतं, वाकून बघितलं तर दोन्ही बाजूंना केसासारखे पायच पाय. मोठा पाऊस झाला की दुसऱ्या दिवशी सकाळी बाथरूमच्या जाळीपाशी एखादी, कधी दोन. मारलं, झाडून काढलं, फिनेल ओतलं, स्प्रे मारला, आठ दिवस बरे जातात आणि परत पाणी, परत पाऊस, परत तेच. माझ्याकडे हे जवळजवळ दोन वर्षं चाललं होतं आणि त्यातला बहुतेक काळ मी चुकीच्या गोष्टीच्या मागे लागले होते, म्हणून जरा सविस्तर लिहितेय.

मला कोडं सुटायला सुरुवात झाली ती एका मेलेल्या गोमेमुळे. एकदा रात्री बाथरूममध्ये सापडली ती मी काचेच्या कोरड्या बरणीत टाकली, झाकण लावलं, म्हटलं सकाळी उजेडात नीट बघू काय आहे. सकाळी ती आत कडक होऊन पडलेली, सुकलेल्या गवताच्या काडीसारखी. औषध नाही, मार नाही, फक्त कोरडेपणा. जो प्राणी महिनोन्‌महिने माझ्या फवारणीला पुरून उरत होता तो एका कोरड्या रात्रीत गेला. तेव्हा डोक्यात आलं की इथे विषाचा प्रश्नच नाहीये, प्रश्न पाण्याचा आहे. पुढचं सगळं याच एका गोष्टीभोवती आहे.

पण उपाय करायच्या आधी ही खरंच मातीतली गोम आहे का हे नक्की करा, कारण इथेच सगळ्यात जास्त घोळ होतो आणि वेगळ्याच किड्याचं औषध वेगळ्याच किड्यावर मारलं जातं. सोपी युक्ती म्हणजे मोबाईलवर जवळून फोटो काढा, झूम करा आणि एकाच बाजूचे पाय मोजा. कंटाळवाणं काम आहे पण एकदाच करायचंय. एका बाजूला १५ असतील तर ती दगडाखाली राहणारी छोटी तपकिरी गोम किंवा भिंतीवर सुसाट पळणारी लांब पायांची घरगुती गोम. २१ किंवा २३ असतील, अंग चपटं आणि जाड असेल, पळायला वेगवान असेल तर ती घोण, तिला अजिबात हात लावू नका, तिचा चावा खूप दुखतो आणि ते प्रकरणच वेगळं आहे. आणि मोजता मोजता २७ च्या पुढे गेलात, ४०-५० किंवा त्याहून जास्त झाले, तर तुमच्याकडे आहे ती मातीत राहणारी गोम, शास्त्रात ज्या गटाला जिओफिलोमॉर्फा म्हणतात ती. नावाचा अर्थच मातीवर प्रेम करणारी असा काहीसा होतो.

या गटात हजाराहून जास्त जाती आहेत आणि पायांच्या जोड्या जातीप्रमाणे २७ पासून १९१ पर्यंत असतात, पण एक गंमत सगळ्यांत सारखी, मोठ्या गोमेत जोड्यांचा आकडा कायम विषम. म्हणजे आपण शतपाद म्हणतो खरं, पण शंभर पाय म्हणजे ५० जोड्या, आणि ५० सम आकडा, त्यामुळे बरोब्बर शंभर पायांची गोम तुम्हाला मिळणारच नाही. उष्ण भागात भरपूर दिसणारा मेसिस्टोसेफॅलस नावाचा प्रकार आहे, लालसर लांबट डोकं आणि मागे फिकट अंग, त्याच्या बऱ्याच जातींत जोड्या ४९ असतात. माझ्याकडच्या फोटोतही मी तीनदा मोजून ४९ च आले, मग तो कागद मी जपून ठेवला. आणि ही मोजणी पिल्लांवरही चालते, कारण या गटातलं पिल्लू अंड्यातून बाहेर पडतानाच पुरे पाय घेऊन येतं, मोठं होताना फक्त आकार वाढतो. १५ जोड्यांवाल्या गोमांचं तसं नसतं, त्यांची पिल्लं कमी पायांनी सुरुवात करतात आणि कात टाकत टाकत पाय वाढवतात.

आणखी खुणा सांगायच्या तर डोळे नसतात, एकही नाही. स्पृश्या म्हणजे पुढच्या मिशा, त्यांना प्रत्येकी १४ मणी. मागच्या टोकाला शेवटची पायांची जोडी चालायला वापरत नाही, ती मिशांसारखीच दिसते, आणि ही उलटीही तितक्याच सहज चालते, त्यामुळे हिला दोन तोंडं आहेत असं वाटतं ते यामुळे. हलकेच काडी लावली तर घोणीसारखी पळून जात नाही, गाठ मारल्यासारखी गुंडाळून घेते. पळणं ही तिची रीतच नाही, मातीत घुसणं ही आहे. अंग आकसून जाड करायचं, भेगेत दाब द्यायचा, मग लांब करून पुढे सरकायचं, म्हणजे पाय असूनही बरंचसं गांडुळासारखं. सिडनी मँटन नावाच्या ब्रिटिश प्राणीशास्त्रज्ञ होत्या, त्यांनी विसाव्या शतकात या सगळ्या बहुपाद प्राण्यांच्या चालीचा फार बारकाईने अभ्यास केला होता, त्यातही गोमेचं हे गांडुळासारखं खोदणं आलेलं आहे.

आता ज्यांच्याशी गल्लत होते ते. पैसा किंवा वाणी, तो गोल असतो, हात लावला की चकलीसारखी वेटोळी करतो, एकेका वळ्याला पायांच्या दोन दोन जोड्या, कुजका पाला खातो. वायरवर्म, हा भुंग्याची अळी, कडक पिवळा तारेसारखा, पण पाय फक्त सहा आणि तेही डोक्याजवळ. आणि तिसरा, ज्याच्याकडे कुणाचंच लक्ष जात नाही आणि ज्याच्याकडे खरं तर बघायला पाहिजे तो सिम्फायला. पांढराशुभ्र, एक सेंटीमीटरपेक्षा छोटा, मोठा झाला की पायांच्या १२ जोड्या, उजेड पडला की झरझर मातीत पळतो. हा कोवळी मुळं कुरतडतो. झाड सुकतंय, वाढ थांबलीये, उपटून बघितलं तर बारीक मुळं खाल्लेली, आणि कुंडीत एक लांब गोमही दिसली, तर बिचारी गोम दोषी ठरते. माझ्याकडे अगदी हेच झालं होतं. ती तिथे खायला आलेली असते, पण झाड खायला नाही, मुळाभोवतीचे जीव खायला. बारीक अळ्या, छोटी गांडुळं, मऊ किडे हा तिचा आहार, डोक्याखालच्या विषारी नख्यांनी पकडते आणि आतला मऊ भाग शोषून घेते.

शंका असेल तर बादलीची टेस्ट करा. मुळांसकट मातीचा गोळा बादलीभर पाण्यात सोडा, हाताने हळूहळू फोडा आणि पाच-दहा मिनिटं थांबा. सिम्फायला असतील तर पांढरे ठिपके वर तरंगायला लागतात. ते दिसले तर तुमचा प्रॉब्लेम हा नाहीच, त्यावर वेगळं काम करावं लागेल, माती पूर्ण बदलणं धरून. नाही दिसले तर पुढे वाचा.

ती वर का येते? मातीतल्या गोमेच्या बहुतेक पायवाल्या वळ्यांना श्वासाची छिद्रं असतात आणि ती बंद करता येत नाहीत, शिवाय बऱ्याच किड्यांच्या अंगावर पाणी धरून ठेवणारा मेणाचा थर असतो तसा पक्का थर हिच्याकडे नसतो. म्हणून कोरड्यात ती पटकन सुकते, माझ्या बरणीत झालं ते हेच. पण उलटंही खरं आहे, मातीच्या कणांमधल्या पोकळीत हवा असते तोवर तिला बरं, ती पोकळी पाण्याने भरली की हवा संपते आणि तिला वर यावं लागतं. म्हणजे तिला ओल हवी पण तुंबलेलं पाणी नको. तुम्ही कुंडीत एकदम तांब्यावर तांबे ओतता, खालचं भोक बुजलेलं असतं, पाणी तुंबतं, ती वर येते, तुम्हाला दिसते. मोठ्या पावसात बाहेरची माती भरते, ती भिंतीच्या कडेने वर सरकते, कुठेतरी टाइल्सची फट मिळते, आत ओलसर बाथरूम, मग तिथे थांबते. तुमच्या घरावर तिचा डोळा वगैरे काही नाही, डोळे तर नाहीतच. डोळ्यांचं निघालं म्हणून सांगते, समुद्रकिनाऱ्यावरच्या गोट्यांखाली राहणारी स्ट्रिगामिया मॅरिटिमा नावाची याच गटातली एक गोम आहे, तिचा जनुकसंच २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला, गोम-पैसा यांच्या सगळ्या कुळात पहिलाच, आणि त्यात डोळ्यांना प्रकाश ओळखायला लागणारी नेहमीची जनुकंच सापडली नाहीत, दिवस-रात्रीचं घड्याळ चालवणारी जनुकंसुद्धा नाहीत. इतकी ती अंधाराची झालेली. क्रोएशियातल्या एका गुहेत तर साधारण ११०० मीटर खोलीवर जिओफिलस वंशाची एक जात मिळाली, २०१५ मध्ये तिला पाताळाच्या देवावरून जिओफिलस हेडेसी नाव दिलं. असा प्राणी तुमच्या पांढऱ्या टाइलवर लाइटखाली आलाय म्हणजे खाली काहीतरी बिघडलंय एवढंच समजायचं.

मग ते बिघडलेलं शोधायचं कसं. मी दोन गोष्टी केल्या. एक, कॅलेंडरवर खूण करायला लागले, गोम दिसली त्या दिवशी एक, पाणी घातलं किंवा पाऊस झाला त्या दिवशी दुसरी. दीड महिन्यात चित्र स्वच्छ झालं, कुंडीतल्या सगळ्या खुणा भरपूर पाण्याच्या दिवशी, बाथरूमच्या सगळ्या खुणा पावसाच्या दुसऱ्या दिवशी. एक खूण मात्र कशातच बसेना, ना पाणी ना पाऊस, आणि तीच पुढे महत्त्वाची निघाली, सांगते. दोन, संशय असेल तिथे रात्री ओला पुठ्ठा किंवा ओलं जाड फडकं पसरून ठेवायचं आणि सकाळी उचलून बघायचं. कोरड्या जागेत ती याच्याखालीच येऊन बसते, त्यामुळे कुठल्या कोपऱ्यातून येतेय ते कळतं. मी बाथरूममध्ये तीन कोपऱ्यांत ठेवले, तिन्ही वेळा गोम मिळाली ती बेसिनखालच्या कोपऱ्यात, जाळीपाशी नाही. जाळीवर मी इतके दिवस फिनेल ओतत होते! बेसिनखाली भिंत आणि फरशीच्या सांध्यातलं सिमेंट निघालेलं होतं आणि वर पाइपच्या जोडाला अगदी थेंब थेंब गळती होती. ती न बसणारी खूण त्या गळतीची होती.

कुंडीसाठी काय केलं ते सांगते. सगळ्यात आधी कुंडी आडवी करून खालचं भोक मोकळं केलं, माझ्या तीनपैकी दोन कुंड्यांत मुळांनी आणि गाळाने ते पार बुजलेलं होतं. कुंडी प्लेटमध्ये सपाट न ठेवता खाली विटेचे तुकडे दिले म्हणजे हवा खेळते, आणि प्लेटमध्ये साठलेलं पाणी अर्ध्या तासात ओतून टाकायचं. वरची दोन-तीन सेंटीमीटर माती बोटाला कोरडी लागल्याशिवाय पुढचं पाणी नाही, आणि घालायचं तेही एकदम न ओतता दोन-तीन वेळा थोडं थोडं, म्हणजे मातीतली हवा एका झटक्यात बाहेर ढकलली जात नाही. फार चिकट, दगड झालेली माती असेल तर कुंडी बदलाच, नवीन मातीत जाड वाळू किंवा नारळाचा भुसा मिसळा. कुंडी उपसताना गोम मिळाली तर कागदावर घेऊन बाहेर पालापाचोळ्याखाली सोडा, ओल्या जागेत, उन्हात नाही. आणि सगळ्या गोमा काढायच्या असा हट्ट धरू नका, एखादी आत राहिली तर ती अळ्या खाते, त्यात झाडाचं काही जात नाही. वरची माती कोरडी राहायला लागली की चिलटांसारख्या काळ्या बुरशीमाश्यांच्या अळ्याही कमी होतात आणि तिचं खाणंही.

बाथरूममध्ये गळती बंद करणं हे पहिलं काम, त्याच्या आधी फट बुजवू नका, नाहीतर आतली ओल तशीच राहते आणि दुसरीकडून वाट निघते, मी हीसुद्धा चूक केली होती, फट बुजवली आणि पंधरा दिवसांत दाराच्या चौकटीतून निघाली. गळती थांबवली, दोन-तीन दिवस पंखा लावून कोपरा पूर्ण वाळू दिला, मग सांधा भरला. जाळीखालच्या ट्रॅपमध्ये पाणी असलंच पाहिजे, फार दिवस न वापरलेल्या बाथरूममध्ये ते उडून जातं आणि मग खालून काहीही वर येतं. अंघोळीनंतर फरशीवरचं पाणी वायपरने ओढून घ्या, दार-खिडकी उघडी ठेवा किंवा एक्झॉस्ट चालू ठेवा. ओलं पायपुसणं रात्रभर फरशीवर ठेवू नका, तिच्यासाठी ते म्हणजे हक्काचा पुठ्ठा आहे.

भिंतीच्या बाहेरच्या बाजूलाही एक चक्कर मारा. भिंतीला टेकून पाल्याचा ढीग, कंपोस्टचं पिंप, विटांचा थर किंवा लाकडं ठेवलेली असतील तर हातभर तरी लांब सरकवा. भिंतीच्या पायाशी पाणी साचत असेल तर माती अशी ओढा की उतार बाहेर जाईल. हे बहुतेक जण करतच नाहीत कारण गोम दिसते आत, मग सगळं लक्ष आत.

आता फवारणी. मीही वर्षभर केली म्हणून ठामपणे सांगते, नका करू. स्प्रे पडतो मातीच्या वरच्या थरावर, ती असते खाली. मातीत औषध ओतलं तर जी आहे ती तळमळत वर येते, तुम्हाला वाटतं अरे बापरे किती होत्या, आणखी ओतता, त्यात गांडुळं मरतात, माती बांधून ठेवणारे बारीक जीव मरतात, आणि ओल तशीच राहिल्यामुळे आजूबाजूची माती मोकळी झालेल्या जागेत नवीन गोमा पाठवत राहते. मीठ आणि उकळतं पाणी हे तर झाडाच्या मुळावरच उठतं. फिनेलचा वास गेला की संपलं. औषधाच्या बाटलीपेक्षा प्लंबरला बोलवा, खरंच.

भीतीबद्दलही बोलायला हवं, कारण घरात लहान मूल असेल तर काळजी वाटतेच आणि त्यात काही चुकीचं नाही. सगळ्याच गोमांना विष असतं, हिलाही आहे, पण मातीतल्या बारीक गोमेच्या नख्या इतक्या छोट्या असतात की माणसाच्या कातडीत सहसा घुसत नाहीत. मात्र तिच्या पोटाच्या बाजूला ग्रंथी असतात, दाबलं किंवा चिरडलं की त्यातून चिकट स्राव येतो, काही जातींच्या स्रावात सायनाइडसारखं जहाल रसायनही अगदी बारीक प्रमाणात असतं, ते मुंग्या आणि छोट्या शत्रूंसाठी. म्हणून उघड्या हाताने चिरडू नका, हात लागलाच तर साबणाने धुवा आणि डोळ्यांना लावू नका. याच गटातल्या काही जातींचा स्राव अंधारात हिरवट चमकतो, ऑर्फनियस नावाची एक उष्ण प्रदेशात मिळते, रात्री लाइट बंद असताना फरशीवर चमकती रेघ दिसली तर घाबरू नका. कानात शिरते ही भीती सगळ्यांना असते, ती काही कान शोधत येत नाही, पण जमिनीवर झोपत असाल आणि खोलीत ओल असेल तर अंथरूण भिंतीपासून दूर घ्या. कुठलाही किडा कानात गेलाच तर काडी-पिन घालून उकरू नका, सरळ डॉक्टरकडे जा.

हे सगळं करूनही लगेच फरक दिसला नाही तर धीर धरा. या गोमा काही आठवड्यांत मरणाऱ्या नाहीत, मोठ्या जाती वर्षानुवर्षं जगतात, त्यामुळे ओल कमी केल्यावर त्या मरून संपत नाहीत, हळूहळू दुसरीकडे सरकतात. माझ्याकडे बाथरूममधलं येणं दुरुस्तीनंतर एका महिन्यात थांबलं, कुंड्यांमधलं कमी व्हायला तीन महिने लागले. दोन महिन्यांनी परत पुठ्ठ्याची टेस्ट करा. अजूनही सारख्या एकाच कोपऱ्यात मिळत असतील तर भिंतीच्या आत कुठेतरी पाइप गळतोय असं धरूनच चला, अशा वेळी गोम ही ओलीची फार भरवशाची खूण असते, भिंतीला पोपडे यायच्या कितीतरी आधी ती सांगते.

एक शेवटची गोष्ट, कुंडी उपसताना लागेल म्हणून. मातीत छोटी पोकळी आणि त्यात गोम गोल गुंडाळून बसलेली, मध्ये पांढऱ्या अंड्यांचा किंवा इवल्या फिकट पिल्लांचा पुंजका, असं दिसलं तर तिथेच थांबा. ती आई आहे. अंडी घातल्यापासून पिल्लं स्वतः फिरायला लागेपर्यंत कित्येक आठवडे ती अशीच त्यांना विळखा घालून बसते. त्या वेळी तिला फार हलवलं तर ती अंडी सोडून जाते, कधी कधी खाऊनही टाकते. मला पहिल्यांदा दिसली तेव्हा मी तो सगळा मातीचा ढेकूळ तसाच दोन्ही हातांनी उचलून बाहेर झाडाखाली खड्ड्यात ठेवला आणि वरून ओला पाला घातला. दुसऱ्यांदा दिसली तेव्हा कुंडीच परत भरली आणि माती बदलायचं काम दोन महिने पुढे ढकललं.